उत्तर आलं नाही तर

'स्क्रीमर्स' हा चित्रपट 1995 साली आला आणि फारसा गाजावाजा न होता गेलाही. दिग्दर्शक ख्रिश्चन ड्युगे, नायक पीटर वेलर. तेव्हा मारेकरी यंत्रांचा विषय निघाला की जो तो 'टर्मिनेटर'बद्दल बोलायचा. त्यात पाठलाग होता, धडाका होता, शेवटी कोणी ना कोणी वाचायचं. 'स्क्रीमर्स'मध्ये तसला दिलासा जवळपास नाहीच. मी तो काही वर्षांनी हुबळीत, देशपांडेनगरातल्या भाड्याच्या खोलीत, केबलवर रात्री उशिरा पाहिला. युद्धपट पुष्कळ पाहिले होते, पण इतकं ओसाड युद्ध पडद्यावर पूर्वी कधी पाहिलेलं नव्हतं. आजही एखादी बातमी वाचली की त्यातली राखाडी जमीन डोळ्यांसमोर येते.

गोष्ट 2078 सालची, सिरियस 6बी नावाच्या ग्रहावरची. तिथे एक मौल्यवान खनिज सापडलेलं असतं, पण ते काढताना विषारी किरणोत्सर्ग होतो. खाणकामगार आणि शास्त्रज्ञ काम बंद करतात, कंपनीवाले त्यांच्यावर बॉम्ब टाकतात, आणि पुढे वर्षानुवर्षं लढाई चालते. कामगारांच्या बाजूचे लोक जीव वाचवायला एक यंत्र तयार करतात. लहानसं, मातीखालून पळणारं, फिरती पाती लावलेलं. हृदयाचे ठोके ऐकू आले की ते किंचाळत जमिनीतून उसळतं आणि माणसाचे तुकडे करतं. आपल्या माणसांवर त्याने झडप घालू नये म्हणून प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टी, आपले ठोके यंत्रापासून लपवणारी. ही यंत्रं बनवणारा कारखाना जमिनीखाली आहे, तो आपला आपण चालतो आणि आत कोणी माणूस जात नाही. हे यंत्र काढलं ते अन्यायाविरुद्ध उभ्या राहिलेल्यांनी, गळ्याशी आल्यावर. दुष्टांनी काढलं असतं तर आपल्याला सोपं गेलं असतं.

पुढे नायक तहाची बोलणी करायला शत्रूच्या ठाण्याकडे निघतो. वाटेत भग्न शहरात एक पोरगा भेटतो, डेव्हिड. छातीशी कापडी अस्वल, तोंडावर भूक. त्याला सोबत घेतात, कारण एकट्या लेकराला तसं टाकून कसं जायचं? ठाण्यातले सैनिक मात्र त्याला दिसताक्षणी गोळी घालतात आणि फाटलेल्या छातीतून तारा आणि चाकं बाहेर पडतात. कारखान्याने मधल्या काळात नवे नमुने काढलेले असतात. एक नमुना जखमी सैनिकाचा, मदतीसाठी कण्हणारा. माणूस कशाला भुलतो हे यंत्रं शिकली आहेत, आणि माणूस दयेला भुलतो. मला पात्यांपेक्षा याचंच भय जास्त वाटलं. ज्या एका गुणाच्या भरवशावर माणसं युद्धातूनही माणसं म्हणून परत येतात, तोच इथे गळाला लावलेला आहे.

आणि तह? तोही खोटाच निघतो. ते खनिज दुसऱ्या एका जागी सापडलेलं असतं, म्हणून दोन्ही बाजूंच्या वरिष्ठांनी या ग्रहावरच्या आपापल्या सैनिकांना केव्हाच वाऱ्यावर सोडलेलं असतं. युद्धाचं कारण संपलं, ज्यांनी हुकूम दिले ते निघून गेले, आणि यंत्रं काम करतच आहेत.

चित्रपट फिलिप के. डिक यांच्या 'सेकंड व्हरायटी' या कथेवरून घेतला आहे. ती 1953 च्या मे महिन्यात एका अमेरिकी मासिकात छापून आली. कोरियात तेव्हा अजून लढाई चालू होती, तो युद्धविराम जुलैत झाला. कथेत परका ग्रह नाही. अणुयुद्धाने भाजलेली आपलीच पृथ्वी आहे, एकीकडे रशियन, दुसरीकडे संयुक्त राष्ट्रांचं सैन्य. चित्रपटाने जागा दूर नेली, कथेत ती अंगणात होती. कथेच्या शेवटी नायकाला कळतं की ही यंत्रं आता एकमेकांना मारायची हत्यारंही करू लागली आहेत. माणूस संपला तरी युद्ध पुढे चालू राहील अशी सोय झालेली आहे.

माझ्यासारख्या धारवाडात राहणाऱ्या मराठी वाचकाला अंधार नवा नाही. जी. ए. कुलकर्णी इथल्याच महाविद्यालयात इंग्रजी शिकवत आणि 'काजळमाया', 'पिंगळावेळ' याच गावात राहून लिहीत. त्यांची माणसंही कुठल्याशा अटळ गोष्टीकडे चालत जातात आणि तिथे पोचल्यावर मोडून पडतात. पण जीएंच्या कथेतली नियती माणसाच्या बाहेरची आहे, त्याच्या आधीपासूनची. तिला तोंड देताना माणूस हरतो, पण लहान होत नाही. डिकच्या कथेतली नियती कारखान्यात तयार झाली आहे, तिचे नकाशे कोणीतरी टेबलावर पसरून काढले आहेत, आणि तिच्यापुढे माणसाला कसलीही उंची उरत नाही. जीए वाचून मी खिन्न झालो आहे, पण माझा कधी अपमान झाला नाही. हा चित्रपट पाहून तो झाला.

हा अपमान नेमका कशाचा, ते मला फार उशिरा, आमच्याच गावच्या इतिहासाचं एक पान वाचताना उमगलं.

1790 च्या सप्टेंबरात मराठा सरदार परशुरामभाऊ पटवर्धन धारवाडच्या किल्ल्यापुढे येऊन बसले. किल्ला टिपू सुलतानाचा, किल्लेदार बद्रुज्जमान खान. भाऊंच्या मदतीला मुंबईहून आलेली कॅप्टन लिटलची इंग्रज पलटण होती. तिच्यात एडवर्ड मूर नावाचा विशीतला एक अधिकारी होता. हिंदू देवदेवतांवर जाडजूड ग्रंथ लिहिणारा मूर तो हाच. त्याने या मोहिमेचं वर्णन लिहिलं आणि ते 1794 मध्ये लंडनला छापलं गेलं. वेढा कसा चालला होता हे सांगताना तो अगदी वैतागला आहे. मराठ्यांच्या मोर्च्यावर तोफ ठासून तयार झाली की गोलंदाज खाली बसायचे, गुडगुडी ओढत गप्पा मारायचे. अर्ध्या तासाने उठून बत्ती द्यायची, तटावर धुरळा उडाला की समाधान, पुन्हा तोफ ठासायची आणि पुन्हा बैठक. दुपारी साधारण एक ते तीन तोफा दोन्हीकडून थंड असत. ती वेळ जेवणाची. कुणी करार लिहिलेला नव्हता. बाहेरच्यांना भूक लागायची तेव्हा आतल्यांनाही लागायची, एवढंच.

मूरला हा प्रकार हास्यास्पद वाटला, आणि लष्करी दृष्टीने त्याचं चुकत नव्हतं. पटवर्धनी फौजेत दारूगोळ्याची टंचाई होती, तो पुण्याहून यायची वाट पाहावी लागे. इंग्रजांनी आणखी कुमक आणली, कर्नल फ्रेडरिक आला, त्याने घाई करून 7 फेब्रुवारी 1791 ला हल्ला चढवला आणि तो फसला. पुढच्याच महिन्यात फ्रेडरिक वारला. किल्ला पडला एप्रिलच्या सुरुवातीला, म्हणजे सहा महिन्यांहून जास्त काळाने, आणि तोही बोलणी होऊन.

पण मी त्या दोन तासांपाशी अडकलो आहे. आमच्याकडे ऑक्टोबरातल्या दुपारी काळी जमीन तापून वाफ टाकते. अशा उन्हात तटाच्या आत कोणीतरी चूल पेटवली असेल, पाण्याची घागर तोंडाला लावली असेल, जखमेवरची चिंधी बदलली असेल. बाहेर सांगली-मिरजेकडचा कोणी गोलंदाज भाकरी सोडून बसला असेल. ते एकमेकांचे वैरीच होते आणि तीन वाजता पुन्हा एकमेकांच्या जिवावर उठणार होते. पण दोघांनाही पोट होतं, दोघेही दमत होते, कंटाळत होते, आणि या दमण्या-कंटाळण्याच्या फटीतून रोज थोडी माणसं वाचत होती. वाटाघाटी होतात त्याही असल्याच फटीतून. कोणीतरी आधी थांबलेलं असल्याशिवाय कोणाचा निरोप कोणापर्यंत पोचत नाही.

यावरून कोणी समजू नये की तेव्हाची युद्धं सोज्वळ होती. बद्रुज्जमान खान अटी मान्य करून, सन्मानाने बाहेर पडायचं वचन घेऊन निघाला, आणि वाटेत त्याच्या लोकांवर मराठ्यांनी हल्ला केला. खान जखमी झाला, कैद झाला. तह कोणी आधी मोडला याबद्दल दोन्हीकडच्यांची दोन तोंडं होती, पण वचन देऊन बाहेर काढलेली माणसं कापली गेली हे खरंच आहे. पटवर्धन दफ्तरातले कागद इतिहाससंशोधक वासुदेवशास्त्री खऱ्यांनी मिरजेत बसून आयुष्यभर छापले. आम्ही तो अभिमानाचा ठेवा मानतो. त्या अभिमानाबरोबर धारवाडची ही घटनाही बाळगायला हवी. माणूस थांबू शकतो याचा अर्थ तो थांबतोच असं नाही. पण जो थांबू शकत होता त्यालाच आपण विचारू शकतो, का थांबला नाहीस? सव्वादोनशे वर्षांनंतर मी हा प्रश्न परशुरामभाऊंच्या फौजेला विचारतो आहे. सिरियस 6बीवरच्या त्या पात्यांना काय विचारणार?

मातीखाली दबा धरून बसलेलं, हृदयाच्या ठोक्यावर उसळणारं यंत्र ही कल्पनेची भरारी वाटते, पण तिचा पूर्वज खराखुरा आहे. भूसुरुंग. तो चालत नाही, किंचाळत नाही, बाकी सगळं तसंच. वजन पडलं की फुटायचं, मग पाय शत्रूचा असो, आपल्या जवानाचा असो की युद्ध संपल्यावर गुरं घेऊन आलेल्या पोराचा. त्याला दुपार कळत नाही आणि तह झाल्याचंही कळत नाही. धारवाडहून दीड-दोन तासांवर बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. तिथल्या जवानांच्या आठवणीत नामदेव जाधवांचं नाव कायम आहे. नगर जिल्ह्यातला शिपाई, वय तेवीस. 9 एप्रिल 1945 रोजी इटलीत सेनियो नदी ओलांडताना त्यांच्या तुकडीतले बहुतेक मारले गेले किंवा जखमी झाले. जाधवांनी दोन जखमी सोबत्यांना, एकेक करून, खोल पाण्यातून, उभ्या दरडीवरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेलं. मग परत फिरून त्यांनी समोरची मशीनगनची ठाणी मोडली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मी त्यातल्या सुरुंगाच्या पट्ट्याचा विचार करत राहतो. खांद्यावर माणूस आहे, म्हणजे वजन दुप्पट, आणि पायाखालचं यंत्र फक्त वजनच मोजतं. दया त्याच्या हिशेबात जास्तीचा भार म्हणूनच धरली जाते. डिकच्या कारखान्याने जे पुढे हेरलं त्याची सुरुवात इथे आहे.

आता आपल्या घरची गोष्ट. नागपूरच्या सोलर समूहातल्या कंपनीने 'नागास्त्र-1' नावाचं हत्यार तयार केलं आणि 2024 च्या जूनमध्ये त्यातली पहिली 120 लष्कराच्या हवाली केली. नऊ किलो वजनाचं, विजेवर चालणारं, अर्धा तास आकाशात घिरट्या घालून लक्ष्यावर झेप घेणारं आणि त्याच्याबरोबर स्वतःही नष्ट होणारं. पायदळाच्या जवानाला पाठीवरून नेता येईल असं. 2025 च्या मे महिन्यातल्या भारत-पाकिस्तान चकमकींत असली घिरट्या घालणारी अस्त्रं दोन्हीकडून उडाली. मी या गोष्टीकडे नाक मुरडून पाहू शकत नाही. खानापूर, चंदगड, गडहिंग्लजकडच्या किती घरांतून मुलं फौजेत आहेत. जिथे पूर्वी पोरगा सरपटत जायचा तिथे आता नऊ किलोंचं विमान जात असेल, तर त्या पोराच्या आईला हे यंत्र देवासारखंच वाटणार. तिला मी काय सांगू?

नागास्त्रात मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती निराळीच सोय. लक्ष्य सापडलं नाही किंवा मोहीम रद्द झाली तर त्याला परत बोलावता येतं आणि पॅराशूटने खाली उतरवता येतं. त्याच्या जाहिरातीत अचूकतेच्या शेजारी हे लिहिलेलं आहे. पैशांची बचत म्हणून लिहिलं असेल, तरी लिहिलं आहे. सुरुंगाला परत बोलावता येत नव्हतं.

परत येण्याचं हे प्रकरण मी शेतात जवळून पाहिलं. नवलगुंदकडे ओळखीच्यांच्या हरभऱ्यावर ड्रोनने फवारणी चालली होती. यंत्र चालवणारा जेमतेम पंचविशीचा पोरगा, कानडी बोलणारा, बांधावर छत्री रोवून उभा. औषधाची टाकी दहा लिटरची. बॅटरी पुनःपुन्हा बदलावी लागत होती आणि काढलेली बॅटरी इतकी तापलेली असे की तो ती ओल्या पोत्यावर ठेवायचा. पंखांच्या वाऱ्याने हरभऱ्याची झाडं आडवी होऊन पुन्हा उभी राहत होती. मी त्याला विचारलं, रिमोट बंद पडला तर? तो हसला आणि त्याने हातातला रिमोट बंदच करून दाखवला. ड्रोन जागच्या जागी थबकलं. फवारा थांबला. मग ते सरळ वर चढलं, वळलं आणि जिथून उडालं होतं त्याच चौकोनी फळीवर येऊन हलकेच टेकलं. मालकाचा आवाज ऐकू येईनासा झाला की घरी यायचं, हे त्याला आधीच सांगून ठेवलेलं होतं. तसं सांगितलं नसतं तर? तर ते कुंपण ओलांडून शेजाऱ्याच्या कापसावर गेलं असतं, बॅटरी संपेपर्यंत.

माझा एक भाचा हुबळीत अभियांत्रिकी शिकून बंगळूरला गेला आहे. कॅमेऱ्यात दिसणारी वस्तू ट्रक आहे की ट्रॅक्टर, माणूस आहे की झाड, हे यंत्राला ओळखायला शिकवण्याचं त्याचं काम. कोणासाठी ते तो सांगत नाही आणि मी खोदून विचारत नाही. दिवाळीत आला होता तेव्हा आम्ही दोघांनी मिळून 'स्क्रीमर्स' पाहिला. त्याला त्यातली यंत्रं जुनाट वाटली. "मामा, एवढी पाती कशाला लागतात? हे सगळं फार जड आहे की," म्हणाला. मग आपण होऊन सांगू लागला. त्यांच्या व्यवस्थेत शेवटी माणूसच असतो. पडद्यावर चौकट येते, हे लक्ष्य आहे, हो की नाही. माणसाने दाबल्याशिवाय पुढे काही होत नाही.

"आणि त्याला विचार करायला वेळ किती?"

"काही सेकंद. तोच वेळ कमी करायचं आमचं काम."

"बरं, आणि त्याने काहीच दाबलं नाही तर? तो घाबरला, डोळ्यांवर झापड आली, मध्येच सिग्नल तुटला?"

तो थोडा थांबला. "ते आधीच ठरवून ठेवावं लागतं. दोन्ही ठेवता येतं, परत फिर किंवा पुढे जा. समोरच्याने सिग्नल मुद्दाम तोडला तर यंत्र फुकट जाऊ नये, म्हणून पुढे जा ठेवावं असं म्हणणारेही आहेत."

"आणि तू काय ठेवशील?"

"मी परत फिर ठेवीन. पण माझ्या ठेवण्याने काही होत नाही, मामा. मी गेल्यावर दुसरा बसेल. ते कागदावर लिहून यावं लागतं. वरून."

ही बातचीत झाल्यापासून मला त्या चित्रपटातला जमिनीखालचा कारखाना वेगळाच दिसतो. त्याच्या आतही कधीकाळी कोणी माणूस बसलेला असेल, माझ्या भाच्यासारखा, कामात हुशार, मनाने चांगला. हुकूम देणारे निघून गेले, सिग्नल तुटला, तर काय करायचं, हे त्याला कोणी लिहून दिलं नसेल. किंवा 'पुढे जा' असं लिहून दिलं असेल. बाकी सगळं त्यानंतरचं आहे.

वरून लिहून येण्याची जागा जगात सध्या एकच दिसते. 2023 च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आपणहून मारणाऱ्या शस्त्रांबद्दल पहिला ठराव झाला. त्यात बंदी वगैरे काही नव्हतं, देशांची मतं गोळा करून महासचिवांनी अहवाल द्यावा एवढंच होतं. 152 देशांनी बाजूने मत दिलं, चार देशांनी विरोधात. त्या चारांत रशिया होता आणि भारतही होता. आपल्या सरकारचं म्हणणं असं की या विषयाची चर्चा जिनिव्हात पारंपरिक शस्त्रांच्या करारापुढे आधीपासून चालू आहे, ती तिथेच व्हावी. 2017 मध्ये त्या करारापुढच्या चर्चेसाठी नेमलेल्या तज्ज्ञगटाचं अध्यक्षपद भारतीयाकडेच होतं, तेव्हा हे म्हणणं अगदीच पोकळ नाही. पण ते मत वाचताना मला वाईट वाटलं. जो देश अस्त्र करताना त्याला परत बोलावायची सोय ठेवतो, त्याने या कागदाला भिण्याचं कारण नव्हतं.

ठीक आहे, जिनिव्हा तर जिनिव्हा. नवलगुंदच्या पोराने रिमोट बंद करून मला जे दाखवलं, ते तिथे आपल्या प्रतिनिधीने कलम म्हणून मांडावं: माणसाचं उत्तर आलं नाही, तर यंत्राने परत फिरायचं. मांडणारा पहिला देश आपला असावा, आणि हे मी माझ्या खासदाराला पत्राने कळवलं आहे.